देयधर्म

आपल्या धर्मगुरूंचे उतराई कसे व्हावे, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत वर्षातून दोनतीनदा तरी उपस्थित होतो. ४ ऑगस्टला संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण येतो, कुणाच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव असतो, कुणाची बदली होते. मग सभा बसते, घरटी वर्गणीचा आकडा ठरतो, शाल कुठून आणावी आणि मानपत्र कुणी वाचावे यावर तास दीड तास जातो, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालते तो शेजारच्या खोलीत आपल्याला काहीच ऐकू येत नाही असे दाखवीत बसतो. आम्हीही त्या खोलीत बसलेले आहोत. त्यामुळे या विषयावर आम्ही लिहिणे कितपत शोभते, असे कुणी विचारील तर ते वाजवीच ठरेल. परंतु हार घालणारे या विषयावर बोलतात आणि हार घालून घेणारे गप्प बसतात, ही प्रथाही फार चांगली नाही. शिवाय हा प्रश्न आपल्या एकट्यांचा नाही. महाराष्ट्राच्या मातीत तो दोन हजार वर्षे विचारला गेला आहे, आणि त्याची काही उत्तरे दगडात कोरलेली आहेत.

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरजवळ अवसरी खुर्द हे गाव आहे. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे थोरले. फारसीतून आलेली ही विशेषणे आपल्या जोडगावांना इतकी चिकटली आहेत की ती परकी आहेत हेही आपण विसरलो. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील अशा शेतकरी गावांत पूर्वी देवाचे काम करणाऱ्याचा चरितार्थ कसा चाले, ते त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात सविस्तर वाचावयास मिळते. ग्रामदेवतेची पूजाअर्चा आणि पत्रावळी पुरविण्याचे काम गुरवाकडे, पंचांग सांगण्याचे जोश्याकडे. त्यांना रोख पगार नव्हता. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याची रास पडली की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्याबरोबर गुरव आणि जोशीही आपला वाटा घेऊन जात. त्यालाच बलुते म्हणत. त्यात हार नव्हता, भाषण नव्हते, हक्क होता. गुरवाने दिवा लावला, गावाने धान्य दिले, हिशेब मिटला.

ही पद्धत कुणाला आदर्श वाटेल. आम्हांला ती तशी वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या घरांतच आहे. अहमदनगर-पुणे भागांतील आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्याच खळ्यावर उभे असत, परंतु शेवटच्या ओळीत. गावची वेस राखणे, सरकारी टपाल पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे करून त्यांच्या पदरी जे पडे त्यालाही बलुतेच म्हणत. एकाच शब्दाने एकाचा मान आणि दुसऱ्याची मानहानी होत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते या बंधनातून सुटण्यासाठी. कनिष्ठ गाववतने कायद्याने संपावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. म्हणून धर्मगुरूला द्यावयाच्या दानाची चर्चा करताना आपल्या माणसांच्या मनात एक जुनी कळ असते: कोण देतो, कोण घेतो, आणि घेणाऱ्याने मान किती खाली घालावी. ही कळ विसरून या विषयावर बोलणे म्हणजे पुस्तकी बोलणे होय.

आता अवसरीहून थोडे उत्तरेला, जुन्नरला जाऊ. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्रीला बहुतेक वाचक जाऊन आले असतील. सुमारे तीनशे पायऱ्या चढून ज्या गुहेत गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेतात, ती मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होती. सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या काळात, म्हणजे प्रभू येशूच्या जन्माच्या आगेमागे, नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणारा माल जुन्नरवरून जाई. या वाटेवरच्या डोंगरांत भिक्षू राहत, आणि वर्षावासाचे तीन महिने तर एका जागी राहणे त्यांना नियमानेच भाग होते. त्यांना नांगर धरावयाचा नव्हता, व्यापार करावयाचा नव्हता. मग त्यांना पोसले कुणी?

उत्तर भिंतींवर आहे. ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत, बहुतेक एकदोन ओळींचे लेख: अमक्याचे हे देयधर्म. देयधर्म म्हणजे धर्म म्हणून दिलेली वस्तू. नहपान या महाक्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी एक मंडप आणि पाण्याची पोढी दिली. परंतु अमात्य हा या यादीत अपवाद म्हणावा लागेल. चिट नावाच्या यवनाने भिक्षूसंघाला भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या एका यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. कल्याणच्या सुलसदत्ताने चैत्यगृह दिले. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने मिळून सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाची देणगी तर मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. त्याने वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचे उत्पन्न वडाची झाडे लावण्यासाठी ठेवले, आणि त्याची व्यवस्था एका श्रेणीकडे सोपविली. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचाही उल्लेख एका लेखात आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर मुदतठेव बुरूड आणि कासार यांच्या पतपेढीत, आणि व्याज धर्मकार्याला.

या लेखांपुढे उभे राहिले की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, काय दिले. पाणी दिले, निजण्याची खोली दिली, जेवावयास जागा दिली, सावली दिली. जुन्नरच्या उन्हाळ्यात डोंगरावर राहणाऱ्या माणसाला जे लागते ते दिले. दुसरी, कुणाला दिले. पुष्कळ लेखांत संघाचा निर्देश आहे. एका लेखात नगरातील भिक्षुणींच्या निवासाचाही आहे. अमुक भिक्षूच्या गोड वाणीवर लुब्ध होऊन त्याला ही पोढी दिली, असा लेख आमच्या वाचनात नाही. देणाऱ्याचे नाव अगदी बापाच्या नावासकट कोरलेले आहे. घेणारा मात्र समुदाय आहे. बौद्धांच्या कठिन विधीतही हेच तत्त्व आहे: वर्षावास संपल्यावर उपासक वस्त्र देतात ते संघाला, आणि ते कुणाच्या अंगावर जावे हे संघ ठरवितो. देणाऱ्याला नाव हवेसे वाटणे हा दोष फार जुना आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. आपल्या मंदिरांतील बाकांवर, पंख्यांच्या पात्यांवर आणि ध्वनिक्षेपकाच्या खोक्यावर जी नावे रंगविलेली असतात त्यांची परंपरा यवन चिटापर्यंत मागे नेता येईल.

त्याच जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या गुहेत दुसऱ्या प्रकारचा लेख आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून तो ओळखला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणेची जंत्री आहे: गायी हजारांनी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी हजारांनी. इथे दान म्हणजे राजवैभवाचा उच्चार आहे. घाटातून जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने तो वाचावा, हाच हेतू असावा. नाणेघाट आणि लेण्याद्री यांच्यात अंतर थोडे, पण दानाच्या दोन कल्पनांमध्ये ते पुष्कळच आहे.

दक्षिणेची ही दुसरी परंपरा पुण्यात पुढे कशी चालली, हे महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. सेनापती दाभाडे यांनी तळेगावला सुरू केलेली श्रावणातील दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांची दाटी होई. विद्वानाची परीक्षा घेऊन त्याचा गौरव करावा, हा मूळ हेतू गर्दीत हरवत गेला. १८१८ नंतर इंग्रजांनी हा खर्च एकदम बंद केला नाही. त्यातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८४९ साली गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, व इतर तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की या पैशातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यात केवढा गदारोळ झाला! परंतु दक्षिणा प्राइझ कमिटी १८५१ साली स्थापन झाली आणि मराठी गद्याला तिचा मोठा आधार मिळाला. धर्मपुरुषाला द्यावयाचा पैसा समाजाच्या ज्ञानासाठी वळविता येतो, आणि त्याने धर्म बुडत नाही, हा धडा महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांसमोर गिरविला आहे. आमच्या मते आपल्या सत्कार समित्यांनी त्या अर्जाची आठवण ठेवण्यासारखी आहे.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे कसे पाहिले? प्रारंभापासून तिच्यात एक ताण आहे. संत पौल करिंथकरांना लिहितात की सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, असाच प्रभूचा नियम आहे. आणि लगेच पुढे म्हणतात की हा हक्क आपण वापरला नाही. ते तंबू शिवीत आणि आपल्या हातांनी आपल्या गरजा भागवीत. फिलिप्पै येथील मंडळीने पाठविलेली भेट मात्र त्यांनी आनंदाने घेतली आणि आभाराचे पत्र धाडले. म्हणजे देणे योग्य, घेणेही योग्य. पण ज्याच्याकडून घेतल्याने सुवार्तेला अडखळण होईल त्याच्याकडून घेऊ नये. लुस्त्र नगरातला प्रसंग तर आपल्याकडे घडल्यासारखा वाटतो. पौलांनी एका पांगळ्याला उभे केले. लोकांना वाटले देवच उतरले. ज्यूस देवाचा पुजारी बैल आणि पुष्पहार घेऊन आला. पौल आणि बर्णबा यांनी आपली वस्त्रे फाडली आणि गर्दीत घुसून ओरडून सांगितले की आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत. त्याच अध्यायात थोडे पुढे त्याच लोकांनी पौलांना दगडमार केला, हे हार स्वीकारणाऱ्यांनी विसरू नये.

जुन्या करारात शुनेम येथील बाईची गोष्ट आहे. अलीशा संदेष्टा येताजाता तिच्या घरी जेवावयास थांबे. तिने नवऱ्याला सांगून गच्चीवर त्याच्यासाठी एक खोली बांधविली आणि तिच्यात पलंग, मेज, आसन आणि दिवा ठेवला. बस्स, एवढेच. जुन्नरच्या खोदलेल्या खोल्या पाहताना आम्हांला हटकून तिची आठवण होते. याच अलीशाने नामान सेनापतीची भेट नाकारली, आणि ती चोरून घेणाऱ्या गेहजीला कोड लागले.

पहिल्या शतकाच्या अखेरीचा म्हणून समजला जाणारा 'दिदाखे' हा छोटा ग्रंथ शतकानुशतके हरवला होता. १८७३ साली तो कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखितात सापडला. फिरत्या प्रेषिताचे स्वागत कसे करावे, ते त्यात सांगितले आहे. एक दिवस राहील, गरज पडल्यास दुसरा. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. जाताना भाकरीखेरीज काही नेऊ नये. पैसे मागितले तरीही खोटाच. परंतु खरा संदेष्टा तुमच्यात वस्ती करू इच्छील तर त्याला द्राक्षकुंडाचे, खळ्याचे, गुरांचे आणि मेंढरांचे प्रथमफळ द्यावे. पुन्हा खळे! भूमध्य समुद्राकाठचे खळे आणि अवसरीचे खळे इथे एक होतात. पण दिदाखे आणखी एक वाक्य जोडते, जे आपल्या बलुत्यात नव्हते: तुमच्यात संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्या. धर्मपुरुषाचा वाटा आणि गरिबाचा वाटा हा मुळात एकच वाटा आहे. वसईला आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत सुगीच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्या वेदीपाशी आणतात, दख्खनच्या खेड्यांत बाजरीची कणसे. ही प्रथा दिदाखेच्या अगदी जवळची आहे, आणि ती छायाचित्रापुरती उरू नये असे आम्हांला मनापासून वाटते.

पोर्तुगिजांच्या अमदानीत पाद्रुआदो व्यवस्थेमुळे धर्मगुरूंचा भार राजाच्या तिजोरीवर होता. त्यावर फार लिहावयास नको. दख्खनमध्ये गोष्ट निराळी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात जर्मन येशूसंघीय धर्मगुरू नगर जिल्ह्यातील खेड्यांत उतरले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत खेडी उघडी पडली होती. अशा वेळी लोकांनी धर्मगुरूला काय द्यावे? धर्मगुरूच धान्य देई, औषध देई, पोरक्या मुलांना आसरा देई. तो मायबाप झाला. त्या उपकारांची आठवण आजही घरोघरी आहे आणि ती राहावी. तथापि ज्या समाजाला केवळ घेण्याचीच सवय लागते त्याला बरोबरीच्या नात्याने देणे जड जाते. त्याची कृतज्ञता पायांवर डोके ठेवण्यात संपते, आणि रागावला तरी तो मागणाऱ्याच्याच भाषेत रागावतो. हा शिक्का पुसावयास आपल्या कित्येक धर्मग्रामांना दोन पिढ्या लागल्या, काहींना अजून लागत आहेत.

केंदळ येथे १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. पुढे महायुद्ध आले. जर्मन म्हणून त्यांच्या बांधवांना स्थानबद्ध करण्यात आले आणि मायदेशी पाठविण्यात आले. स्वतः डोरिंग यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली, आणि ते पुण्याला परतले १९२७ साली. त्याच काळात, १९१७ साली, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मिशनची पगाराची नोकरी सोडली. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु पगार घेणारा उपदेशक आणि स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली ख्रिस्ती मंडळी यांच्याविषयी त्यांनी जो प्रश्न उभा केला तो पंथापुरता नाही. लक्ष्मीबाईंनी त्या संसाराची ओढाताण 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे. धर्मपुरुषाच्या त्यागाची किंमत त्याच्या घरातली बाई मोजते, हे आपल्या ब्रह्मचारी धर्मगुरूंच्या ध्यानात सहसा येत नाही.

ख्रिस्तसभेच्या १९८३च्या धर्मविधीसंहितेत या प्रश्नाची मांडणी नेमकी आहे. सेवकांच्या योग्य निर्वाहासाठी मदत करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे (कलम २२२). धर्मगुरूने साधे जीवन जगावे आणि निर्वाहानंतर उरलेले सभेच्या भल्यासाठी व दानधर्मासाठी वापरावे (२८२). ठरविलेल्या अर्पणापलीकडे संस्कारांसाठी काही मागू नये, आणि दारिद्र्यामुळे कुणी संस्कारांना मुकू नये (८४८). मिस्सादानात व्यापाराचा भासही नसावा (९४७). आणि जे फारच थोड्यांना ठाऊक असते: संस्थेच्या प्रमुखाला मिळालेली देणगी, उलट काही सिद्ध झाले नाही तर, संस्थेला दिली असेच धरावे (१२६७). जुन्नरच्या लेखांतला संघ इथे कायद्याच्या भाषेत बोलतो. लोकांनी पाकिटावर काय लिहिले आहे ते म्हणूनच महत्त्वाचे आहे.

संत व्हियानी यांचे नाव घेऊन आपण सत्कार करतो, तर त्यांनी आपल्या सत्काराचे काय केले तेही पाहावे. १८५२ साली त्यांना सन्माननीय पद देऊन त्याची खांद्यावरची वस्त्रे घातली गेली. त्यांनी ती पन्नास फ्रँकला विकून पैसे धर्मकार्याला लावले. १८५५ साली फ्रेंच सरकारचे मानचिन्ह मिळाले, तेव्हा त्याबरोबर गरिबांसाठी काही रक्कम मिळते का, अशी त्यांनी चौकशी केली. मिळत नाही असे कळताच त्यांचा त्यातला रस संपला.

अतिरिक्त आदराचा धोका आज उघड झाला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या ऑगस्टमध्ये देवाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात लैंगिक अत्याचारांचा संबंध सत्ताधारी धर्मगुरूपणाशी स्पष्टपणे जोडला, आणि ही वृत्ती धर्मगुरूंप्रमाणेच प्रापंचिकही जोपासतात असे म्हटले. ज्याच्यापुढे प्रश्न विचारता येत नाही त्याचा आदर होत नाही, त्याची भीती असते. म्हणून आम्ही असे म्हणू की हिशेब मागणारी आर्थिक समिती आणि प्रवचन लांबले तर तसे सांगणारी म्हातारी या दोघी धर्मगुरूचा खरा सन्मान करतात.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण वाचकांच्या आठवणीत ताजे असेल. 'सुवार्ता'चे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे लेखक असलेले दिब्रिटो जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरूला हे पद का, म्हणून काहींनी विरोध केला. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांचा मोठा सन्मान उस्मानाबादच्या मांडवात झाला हे खरे. पण त्याच्या कितीतरी वर्षे आधी वसईचे पाणी आणि हिरवळ राखण्याच्या चळवळीत हजारो बायाबापड्या त्यांच्यामागून रस्त्यावर चालल्या होत्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात कुणी शाल घातली नव्हती. आम्हांला त्या चालण्याचे मोल अधिक वाटते.

एक गट मात्र या साऱ्या चर्चेत राहून जातो. महायुद्धात धर्मगुरू कमी पडले तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, दख्खनच्या खेड्यांत रविवारची प्रार्थना चालविणारा, मुलांना धर्मप्रश्नोत्तरे आणि मुळाक्षरे शिकविणारा, मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा माणूस म्हणजे गावचा मास्तर. धर्मगुरू महिना दोन महिन्यांनी घोड्यावरून किंवा सायकलवरून येई. मास्तर रोज तेथे असे. पगार तुटपुंजा, खोली शाळेतच, आणि संसार मोठा. धर्मगुरूंच्या समाध्यांवर संगमरवर आहे. मास्तरांच्या कबरी कुठे आहेत ते त्यांच्या नातवंडांनाही सांगता येत नाही. पुढच्या सत्काराची वर्गणी गोळा करताना प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या मास्तरांची यादी करावी, अशी आमची विनंती आहे. ती कोठे सापडेल असे कुणी विचारील, तर जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या उघडाव्यात. गावातले कुणीच अद्याप ख्रिस्ती नव्हते, त्या वर्षांत धर्मपित्याच्या रकान्यात पानामागून पान तेच एक नाव लिहिलेले आढळेल, आणि पुष्कळदा अक्षरही त्याचेच असेल.